चौदा फ्रेममधली सावली

पडद्यावर चालत्या माणसामागून कॅमेरा धक्का न देता सरकू लागला की माझं लक्ष पात्रावरून उडतं. कॅमेरा धरणाऱ्याचे गुडघे किती वाकले असतील, वळणावर त्यानं श्वास रोखला असेल का, असे प्रश्न पडू लागतात. हा नाद फार जुना. त्यापायी मी नोएडाच्या सेक्टर १६ए मधल्या फिल्म सिटीत पोहोचलो आणि शूटिंगचं सामान भाड्यानं देणाऱ्या एका गोदामात कॅमेऱ्याचा भार अंगावर तोलणाऱ्या स्टेडीकॅमचा वेस्ट पहिल्यांदा अंगावर चढवला. पट्टे आवळले, आर्म अडकवला, आर्मच्या टोकाशी कॅमेऱ्याचा दांडा बसला. आधी नुसता हलकेपणा जाणवला. हात मोकळे, खांदे मोकळे. मग मिनिटभरातच कमरेशी, मणक्याच्या दोन्ही बाजूंना कळ उमटली. वजन नाहीसं झालं नव्हतं, त्यानं फक्त जागा बदलली होती.

दिल्ली, गुरुग्राम, नोएडात लग्नं, जाहिराती आणि वेब सीरिज शूट करणाऱ्या ऑपरेटरांना नव्या आर्मबद्दल विचारा. चित्र किती स्थिर येतं हे ते सगळ्यात शेवटी सांगतात. आधी बोलतात ते स्प्रिंगबद्दल. लेन्स बदलली की ती पुन्हा किती पिळावी लागते? वर-खाली जाताना टोकाला आर्म आदळतो का? बेअरिंग करकरतात का? कारण ती करकर थेट माइकमध्ये जाते. स्प्रिंग फार ताणलेली असेल तर कॅमेरा वर पळतो आणि दिवसभर दाबून धरावा लागतो. सैल असेल तर तोलून धरावा लागतो. नीट जुळलेला आर्म हाताकडे काही मागत नाही, दोन बोटं टेकवली की पुरे. पण वजन शरीरापासून वीतभर जरी लांब गेलं तरी पाठीला त्याचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून अनुभवी माणूस रिग छातीशी ठेवतो आणि किंचित मागे रेलून चालतो.

यातलं यंत्रशास्त्र सोपं दिसतं, पण आहे चिवट. स्प्रिंग जितकी ताणावी तितक्या जोरानं ओढते, कॅमेऱ्याचं वजन मात्र तेवढंच राहतं. या दोघांची सांगड घालायची तर स्प्रिंगला समांतर दांड्यांच्या चौकटीत अशा कोनात बसवावं लागतं, की आर्म वर असो वा खाली, उचल जवळपास सारखीच मिळावी. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला मोटारींच्या सस्पेन्शनवर काम करणारे इंग्रज इंजिनिअर जॉर्ज कार्वर्डिन यांनी स्प्रिंगांच्या अशाच तोलावर टेबलावरचा दिवा बनवला. ठेवाल तिथे थांबणारा तो अभ्यासाचा दिवा आपल्या घरांतही आला. कॅमेऱ्याचा आर्म त्याच कुळातला.

कॅमेऱ्यासाठी तो घडवला फिलाडेल्फियाच्या गॅरेट ब्राउन यांनी. ते स्वतः कॅमेरा चालवत. आधी त्यांनी नुसत्या नळ्यांच्या दांड्यावर कॅमेरा आणि वजनं लांब लांब टांगली. चित्र स्थिर झालं, पण हात भरून आले. मग खांदा आणि कोपर असावेत तसा दोन भागांचा स्प्रिंगचा आर्म आला; हाच स्टेडीकॅम. १९७४ मध्ये त्यांनी एक नमुना-रीळ तयार केलं. त्यात त्यांची मैत्रीण, पुढे पत्नी झालेली एलन, फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्यांवरून धावते आणि कॅमेरा तिच्यामागे जणू तरंगत जातो. ते पाहून दिग्दर्शक जॉन अॅव्हिल्डसन यांनी या पायऱ्या कुठे आहेत अशी चौकशी केली आणि 'रॉकी'ला त्याचं सगळ्यात गाजलेलं दृश्य मिळालं.

मला मात्र त्या रिळाच्या दुसऱ्या प्रेक्षकाचं जास्त अप्रूप आहे. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी ते पाहून हे यंत्र बाजारात आणणाऱ्या 'सिनेमा प्रॉडक्ट्स'च्या एड डिज्युलिओंना टेलेक्स केला. त्यात कौतुक होतंच, शिवाय एक सावधगिरीचा इशारा होता: दोन ठिकाणी जमिनीवर सावली पडली आहे आणि हेरगिरीच्या छायाचित्रांत मुरलेला एखादा माणूस तिच्यावरून यंत्राचं गुपित ओळखेल, तेव्हा ते दोन तुकडे (सगळे मिळून चौदा फ्रेम) कापून टाका. पुढे एक व्यावहारिक प्रश्नही होता: जमिनीपासून किती कमी उंचीवर हे वापरता येईल? त्या प्रश्नाचं उत्तर १९८०च्या 'द शायनिंग'मध्ये मिळालं. हॉटेलच्या लांबलचक वाटांवर तीनचाकी चालवणाऱ्या मुलामागे, जमिनीलगत, व्हीलचेअरवर बसवलेला स्टेडीकॅम धावला.

गुपित जपण्यापुरता तो इशारा योग्यच होता. पण त्या चौदा फ्रेमशी मी पुनःपुन्हा येऊन थांबतो. कारण या यंत्राचं यश मोजलं जातं ते माणूस दिसेनासा होण्यावर. त्याची पावलं चित्रात जाणवू नयेत, त्याचा श्वास जाणवू नये आणि आता सावलीही नको.

आपल्याकडचा वाद ऐकताना हेच जाणवतं. भारतात स्टेडीकॅम आधी कुणी वापरला? कोणी १९८९च्या तेलुगू 'शिवा'चं नाव घेतं, कोणी १९९१च्या तमिळ 'गुणा'चं. दोन्ही बाजू दिग्दर्शकाचं आणि नटाचं नाव हिरिरीनं सांगतात. आर्म कुणाच्या कमरेला बांधलेला होता, हे मात्र या वादात कुणी विचारत नाही. मला तो वाद यासाठीच अपुरा वाटतो.

दिल्लीनं यापेक्षाही मोठं उदाहरण पाहिलंय. ३१ जानेवारी १९८१ रोजी राजपथावर 'गांधी'साठी अंत्ययात्रा चित्रित झाली. सुमारे तीन लाखांचा जमाव, अकरा कॅमेरा-पथकं, वीस हजार फूट फिल्म. चित्रपटात उरलं सव्वादोन मिनिटांहूनही कमी. या चित्रपटाचे छायालेखक बिली विल्यम्स यांना चित्रीकरणाच्या काळात पाठीच्या दुखण्यानं काही आठवडे बाजूला व्हावं लागलं आणि रॉनी टेलर यांनी धुरा घेतली. ऑस्कर दोघांना मिळून मिळालं. कोल्हापूरच्या भानू अथैया यांच्या ऑस्करमुळे मराठी घरांत 'गांधी'ची आठवण अभिमानानं निघते; तिच्यासोबत ती दुखरी पाठही निघायला हवी.

आणि कोल्हापूरचं नाव निघालंच आहे, तर बाबूराव पेंटर आठवतात. परदेशी कॅमेऱ्याची वाट न पाहता त्यांनी १९१८ मध्ये दामल्यांच्या साथीनं स्वतःचा कॅमेरा घडवला. माझं मत त्यामुळे पक्कं झालंय: चांगलं अवजार वापरणाऱ्याच्या हातून येतं. ब्राउन तसेच. पाठ आणि मान दुखू लागली म्हणून १९९०च्या दशकात 'ईझीरिग' बनवणारे स्वीडिश कॅमेरामन युहान हेल्स्टेनही तसेच. त्यांनी कॅमेरा डोक्यावरून येणाऱ्या दोरीला टांगला आणि भार कमरेवर उतरवला.

२०१३ नंतर मोटरवाले गिंबल आले तेव्हा आर्मचे दिवस संपले असं अनेकांना वाटलं. गिंबल कॅमेऱ्याचं कलणं आणि वळणं सावरतो. पावलागणिक होणारी वर-खाली उसळी त्याला पुरती सावरता येत नाही, आणि त्याचं सगळं वजन दोन मनगटांवर येतं. म्हणून आर्म परत आला, आता गिंबलच्या खाली. दिल्लीच्या लग्नांत तो सर्रास दिसतो.

छतरपूरच्या एका फार्महाउसवर, थंडीतल्या दुपारी, मी अशी एक वरात पाहिली. ऑपरेटर घोडीसमोर उलटा चालत होता. त्याच्या पाठीवर साहाय्यकाचा तळहात टेकलेला. पायरी आली की बोटं दाबायची, एवढीच त्यांची भाषा. ऊन तिरपं होतं. ढोलवाल्यांच्या पायांवरून एक लांब सावली सरकत होती: माणूस, त्याच्या छातीतून निघालेला वाकडा हात आणि हाताच्या टोकाशी कॅमेरा. मी ती डोळे भरून पाहिली. मॉनिटरवर नजर असलेल्या कुणीतरी हाक दिली, तळहातानं किंचित रेटा दिला, ऑपरेटर दोन पावलं डावीकडे सरकला आणि सावली फ्रेमबाहेर गेली.