सौद्याचा चहा

बेल्ह्याचा सोमवार. नऊच वाजलेत, तरी चैत्राचं ऊन पाठीला झोंबतंय. कल्याण-नगर रस्त्यावरून वळलेला पिकअप बैलबाजारात येऊन थांबतो. फळका पडतो आणि एक खिल्लार खोंड खूर पुढं टाकून आधी जमिनीचा अंदाज घेतं.

मी चहाच्या पालात बाकड्यावर टेकलोय. शेजारी दोघा गाडामालकांची चर्चा रंगलीय. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यती बंद केल्या, 16 डिसेंबर 2021 ला अटी घालून परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. जुन्नर-आंबेगावात या तारखा लोकांना पोराबाळांच्या लग्नासारख्या पाठ आहेत.

"बंदीत ह्या खोंडाला कोण इचारत होतं? आता शर्यतीच्या घाटात एक बारी चांगली लागू दे, मग बघ भाव." दुसरा नुसताच बशी फुंकतो.

समोर एक म्हातारबाबा उभे आहेत. डोक्याला पटका, हातात कासरा, मागं बैलांची जोड. पळायची नव्हे, औताची. आणे पठारावरून घाट उतरून आलेत. घेणारा आळ्याकडचा. तो ओठ वर करून दात बघतो, खांद्यावरून हात फिरवतो, चार पावलं चालवून बघतो. मग दलाल मध्ये शिरतो आणि उपरण्याखाली हात जातात. बोटं दाबली जातात, सुटतात, पुन्हा दाबली जातात. आकडा कुणी तोंडातून काढत नाही.

मध्येच बाबा हात बाहेर घेतात. "पाण्याचं काय तुमच्याकडं?"

"कॅनॉल हाय ना, बाबा. हिरीला पाझर ऱ्हातो."

पिंपळगाव जोगे धरणाचा कालवा या अंगानं पुढं पारनेरकडं जातो. पठार त्याच्या वर राहतं, आणि पाणी काही चढण चढत नाही. आणे, पेमदरा, नळवणे, शिंदेवाडी या पठारावरच्या गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते.

हात पुन्हा उपरण्याखाली जातो. या वेळी लगेच सुटतो. इसार मोजला जातो.

"तीन चहा!" दलाल ओरडतो.

बाबा बसत नाहीत. जोड सोडून हौदाकडं नेतात. बैल माना खाली घालतात, घोटागणिक गळ्याची पोळी हलते. बाबा बारीक शीळ घालत उभे राहतात. एक बैल मान वर करतो, नाकावरून पाणी ठिबकतं. शीळ थांबत नाही. तो पुन्हा तोंड घालतो.

"बाबा, चहा गार झाला की."

"आसू दे. त्यांचं व्हऊ दे आधी."

पलीकडं रसवंतीच्या चाकाचे घुंगरू वाजू लागलेत. बाबा परत येतात, कासरा घेणाऱ्याच्या हातात देतात आणि साय धरलेला चहा उभ्याउभ्याच एका दमात पितात. चहाचे पैसे बैल घेणारा देतो.

बेल्ह्यात प्यायला कुठं बसावं, असं कुणी विचारलं तर सोमवारी बैलबाजारातल्या या पालात बसा. जोड घेतली असेल तर मात्र आधी हौद, मग बाकडं.