पखवाज रेकॉर्ड करताय? माईक जरा लांब न्या

परवा एका भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग ऐकलं. पखवाज सुरेख लागलेला, पण धुमेचा घुमारा गायब! माईक एकच, तोही शाईला चिकटून.

पखवाजाच्या दोन तोंडांचे स्वभाव वेगळे. शाईकडे खणखणीत, नेमका सूर; धुमेवर ओली कणीक, त्यामुळे खोल खर्ज. म्हणून मी दोन्हीकडे एकेक माईक लावतो, साधारण वीतभर अंतरावर, थोडा तिरका.

कार्डिऑइड माईक धुमेच्या फार जवळ नेला तर खर्ज फुगतो, पण त्यातला स्वर कळत नाही. थोडं मागे आलं की गमक स्पष्ट ऐकू येते.

मग दोन्ही ट्रॅक एकत्र ऐका. आवाज पोकळ वाटला तर एकाची पोलॅरिटी उलटी करा. जे भरीव लागेल, ते ठेवा.

एकच माईक आहे? वादकासमोर दोन-तीन फुटांवर, किंचित उंच लावा. खोली चांगली असेल तर मला हाच आवाज सर्वांत आवडतो.

आणि हो, कणीक वाळली की धुमेचा सूर चढतो. प्रत्येक टेकआधी तपासाच.

तुमच्याकडे कोणता माईक आहे, खोली केवढी आहे? कमेंटमध्ये लिहा, जागा सुचवतो.