आधी औषध सापडलं, मग त्याचं लक्ष्य

1961 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत दोन वर्षांची एक मुलगी बागेत पडली. पडणं किरकोळच होतं, पण नंतर तिची नजर तिरळी होऊ लागली, तोल जाऊ लागला. मेंदूच्या देठात, पॉन्स नावाच्या भागात गाठ निघाली. रेडिएशन दिलं, थोडे दिवस बरं वाटलं आणि जानेवारी 1962 मध्ये ती गेली. तिचं नाव कॅरन, वडील नील आर्मस्ट्राँग.

वडील सात वर्षांनी चंद्रावर उतरले. या गाठीवरचा इलाज मात्र पुढची कित्येक दशकं रेडिएशनपाशीच अडून राहिला.

त्याला कारण होतं. पॉन्स जेमतेम इंचभराचा, पण डोळे, चेहरा, गिळणं आणि श्वास सांभाळणाऱ्या यंत्रणेचा कारभार तिथूनच चालतो. डीआयपीजी नावाची ही गाठ तिथे पिठात मीठ मिसळावं तशी निरोगी पेशींमध्ये पसरते. शल्यविशारदाने कापायचं काय? निदानानंतर मूल सरासरी वर्षभरही जगत नाही, दोन वर्षांपुढे जाणारी मुलं शेकडा दहाहूनही कमी.

एमआरआयवर निदान होत असे आणि बायोप्सी धोक्याची मानली जाई. त्यामुळे तपासायला तुकडाच हाती नसे. मोठ्यांच्या ट्यूमरवरची औषधं मुलांना देऊन पाहायची, एवढंच चाललं होतं. पॅरिसच्या नेकेर रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मात्र सुईने नमुने घेता येतात हे दाखवलं. काही आईवडिलांनी मूल गेल्यानंतर त्याची गाठ संशोधनासाठी दिली. स्टॅनफर्डमध्ये मिशेल मोंजे यांनी अशाच एका दानातून या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. या आजाराची पुढची सगळी वाट त्या नमुन्यांमधून गेली आहे.

2012 मध्ये दोन संशोधक गटांना बहुतेक गाठींत एकच बिघाड दिसला. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यातल्या एच3 च्या 27 व्या जागेवर लायसिनऐवजी मेथिओनिन बसलं होतं. या जागेवरच्या रासायनिक खुणेमुळे कोणती जनुकं गप्प राहायची हे ठरतं. एच3 ची अनेक जनुकं असतात, त्यातलं एकच बिघडलं तरी पेशीभरातली ही खूण जवळजवळ पुसली जाते आणि बंद राहायला हवीत ती जनुकं चालू राहतात.

औषध आलं भलत्याच दिशेने. कर्करोग संशोधक वफीक एल-डेरी यांचा चमू कर्कपेशींना मरायला भाग पाडणाऱ्या प्रथिनाचं उत्पादन वाढवणारा रेणू शोधत होता. जुन्या संयुगांच्या साठ्यातून त्यांना ओएनसी201 मिळाला. 2014 मध्ये कळलं की पेटंटमध्ये त्याची रचनाच चुकीची नोंदली होती! पुढे ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या 17 प्रौढ रुग्णांवर तो तपासला, निकाल निराशाजनक होता. फक्त एका रुग्णाची गाठ ठळकपणे आकसली आणि तो परिणाम टिकून राहिला. त्या गाठीच्या पेशींत एच3 च्या 27 व्या जागेचाच बिघाड होता. हा धागा कुणी सोडून दिला नाही, यातच शास्त्राचं खरं कसब आहे. हे औषध पेशीच्या मायटोकाँड्रियातलं एक एन्झाइम बेसुमार चालू करतं, आणि त्या उलथापालथीत एच3 वरची पुसलेली खूण काहीशी परत उमटते, असं नंतर दिसलं.

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने हे आठवड्यातून एकदा घ्यायचं औषध डॉर्डाव्हिप्रोन या नावाने मंजूर केलं. एच3 चा हा बिघाड असलेल्या आणि उपचारानंतर पुन्हा बळावलेल्या मिडलाइन ग्लायोमासाठी, म्हणजे मेंदूच्या मध्यरेषेवरच्या गाठींसाठी. आकडे मात्र नीट वाचावे लागतात: 50 रुग्णांपैकी 22 टक्क्यांत गाठ आकसली, आणि तो परिणाम टिकण्याचा मध्यम काळ 10.3 महिने. शिवाय कॅरनला झालेली पॉन्समधली गाठ या पन्नासांमध्ये धरलेलीच नव्हती.

पॉन्समधल्या गाठींसाठी वेगळा मार्ग चाचपला जातो आहे. या पेशींच्या पृष्ठभागावर जीडी2 नावाचा रेणू दाट असतो. रुग्णाच्याच टी-पेशींना तो ओळखायला शिकवून त्या आधी शिरेतून आणि मग थेट मेंदूतल्या द्रवात सोडतात. स्टॅनफर्डच्या 2024 मधल्या अहवालात 11 रुग्णांपैकी चौघांच्या गाठी निम्म्याहून अधिक घटल्या, एकाची तर पूर्ण नाहीशी झाली. धोका असा, की टी-पेशींच्या हल्ल्याने सूज येते आणि पॉन्सला फुगायला जागा नसते. म्हणून हे उपचार रुग्णालयातच, मेंदूवरचा दाब मोजत चालतात. अशा शिकवलेल्या टी-पेशींच्या उपचाराला कार-टी म्हणतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेली भारताची पहिली कार-टी थेरपी 2023 मध्ये मंजूर झाली, पण ती रक्ताच्या कर्करोगासाठी आहे. जीडी2 शी तिचा संबंध नाही.