प्रश्न विचारला म्हणजे कुफ्र झाले?

आमच्या घरांत ‘कुफ्र’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. सातवीतल्या मुलाने ‘अल्लाहला कोणी निर्माण केले?’ असे विचारले की मोठ्यांपैकी कोणीतरी लगेच दटावते, ‘तौबा कर, कुफ्र बोलू नकोस!’ मूल गप्प होते. प्रश्न आतच राहतो.

अरबीत या धातूचा मूळ अर्थ झाकणे. शेतकरी बी मातीखाली झाकतो, म्हणून सूरह हदीदमध्ये (57:20) शेतकऱ्यांसाठी ‘कुफ्फार’ शब्द आला आहे. गुन्ह्यावर पांघरूण घालणारा ‘कफ्फारा’ही याच घरचा. सूरह इब्राहीममध्ये (14:7) कुफ्र हे शुक्रच्या समोर उभे आहे. आमच्या आया-आजी ताटात अन्न टाकणाऱ्याला ‘नाशुक्री करू नकोस’ म्हणतात, तेच ते. आणि सूरह नम्ल (27:14) सांगते की फिरऔनच्या लोकांच्या मनाला खात्री पटली होती, तरी जुलूम आणि घमेंडीपायी त्यांनी निशाण्या नाकारल्या. कळूनही नाकारणे, याला ‘जुहूद’ म्हणतात. सातवीतले पोर यात कुठे बसते?

शंकेचे शब्द वेगळे आहेत. दोन्ही बाजू सारख्याच वाटतात तो शक. त्यात संशयाची टोचणी असली की रैब. जन्न म्हणजे अंदाज. बहुतेक घरगुती भांडणे यातूनच होतात, आणि सूरह हुजुरात (49:12) त्यापासून सावध करते. मनात आपोआप उमटणारी कुजबुज म्हणजे वसवसा. शंकेतच कायमचा मुक्काम ठोकणाऱ्याला उलमांनी कडक इशारा दिला आहे, हेही खरे. पण सहीह मुस्लिममध्ये आहे की, काही सहाबांनी ‘तोंडाने उच्चारू नये असे मनात येते’ म्हणून प्रेषितांना (स.) सांगितले, तेव्हा त्यांनी त्या भीतीलाच स्पष्ट ईमान म्हटले. वर दिलेला मुलाचा प्रश्नही हदीसमध्ये आहे. तो शैतानाचा वसवसा आहे, अल्लाहचा आश्रय मागा आणि तिथेच थांबा, असे सांगितले आहे. ज्याच्या मनात तो आला, त्याला काफिर ठरवलेले नाही.

मुलाला हेच शांतपणे सांगता येते. नाही सुचले तर ‘मौलाना साहेबांना विचारू’ म्हणावे. पंधराव्या वर्षी तो आम्हाला विचारणार नाही, मोबाईलला विचारेल.

हजरत इब्राहीम (अ.) यांनी तर मेलेले कसे जिवंत करतोस ते दाखव, असे थेट अल्लाहलाच विचारले होते (2:260). ईमान होतेच, मनाला समाधान हवे होते. त्यांना दटावले गेले नाही. चार पक्षी घ्यायला सांगितले गेले.