सरावाची विमानं घडवणारे हात

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1940 मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. पुढच्याच वर्षी तिथून जोडून बाहेर पडलेलं पहिलं विमान, हार्लो पीसी-5, वैमानिकांच्या शिक्षणासाठीच होतं. त्याचा आराखडा अमेरिकी होता. आपल्या आराखड्याचं सरावाचं विमान, एचटी-2, उडालं 1951 मध्ये. त्याचे शिल्पकार डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातले, गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. मग किरण आलं, दीपक आलं.

शिकाऊ विमान म्हणजे सोपं काम, ही समजूत चुकीची आहे. नवखा वैमानिक विमान धावपट्टीवर आदळतो, मुद्दाम गिरकीत घालून सोडवायला शिकतो. हे सगळं सोसेल इतका सांगाडा दणकट हवा, आणि तरी हलका. पत्रे रिव्हेटने जोडताना एक कामगार बाहेरून गन चालवतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा टेकवून धरतो. दोघांचा मेळ बसला नाही, तर पत्र्याला पोचा पडतो. हे नुसता नकाशा वाचून येत नाही. जुन्या कारागिराशेजारी वर्षानुवर्षं उभं राहावं लागतं. काम थांबलं की ही शिकवणीही थांबते.

तशी ती थांबलीच होती. 2009 मध्ये अपघातानंतर दीपकचा ताफा जमिनीवर बसला आणि 2012 मध्ये स्वित्झर्लंडच्या पिलाटसची 75 विमानं घ्यावी लागली. हवाई दलाची निकड खरी होती, पण आपल्या कारागिरांचं काम परदेशी गेलं. वालचंदांच्या त्या कारखान्यातूनच पुढे वाढलेल्या एचएएलने मग स्वतःच्या पैशाने एचटीटी-40 हे शिकाऊ विमान घडवलं. 31 मे 2016 रोजी ते उडालं. इंजिन अजून अमेरिकेचंच आहे. 2023 मध्ये 70 विमानांचा 6,828 कोटींचा करार झाला, आणि 17 ऑक्टोबर 2025 रोजी नाशिकजवळच्या ओझरला एचटीटी-40 ची दुसरी उत्पादन लाइन सुरू झाली. मिग आणि सुखोई बांधलेल्या ओझरला हे काम मिळालं, हे मला फार मोलाचं वाटतं. मात्र ही 70 विमानं पुरी होण्याआधीच पुढची ऑर्डर हातात हवी.

ही शिकवणी चालू ठेवायला नवे हातही हवेत. कोपर, डोंबिवली, कल्याणची कितीतरी मुलंमुली आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, मशिनिस्टचं काम शिकतात. ओझरला अप्रेंटिसच्या जागा निघतात. त्या जाहिरातींवर लक्ष ठेवा आणि अर्ज करा.