डन्जन्स अँड ड्रॅगन्स काढणारी कंपनी बुडायला आली, त्याच वर्षी म्हसवडच्या बायकांनी बँक काढली

स्ट्रेंजर थिंग्ज बघितली असेल तर पहिल्याच भागातला तो सीन आठवत असेल. चार पोरं तळघरात टेबलाभोवती बसलीयत. एक जण गोष्ट सांगतोय, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं झालेत आणि राक्षस मरणार की आपण, हे फासे टाकून ठरतंय.

त्या खेळाचं नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. अशा खेळांना टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात. याला ना स्क्रीन लागते, ना चार्जर. लागतं फक्त नियमांचं पुस्तक, फासे आणि वेळ असलेले मित्र.

खेळणाऱ्यासाठी हे भारी आहे, पण विकणाऱ्यासाठी हीच अडचण. पाच जणांच्या ग्रुपमध्ये एकानं पुस्तक घेतलं तरी सगळ्यांचं भागतं, आणि तेच पुस्तक दहा वर्षं पुरतं. त्यामुळे या धंद्यातल्या छोट्या प्रकाशकांचं जगणं कायम काठावरचं असतं. ते कसे टिकतात हे समजून घ्यायचं असेल, तर आधी सगळ्यात मोठी कंपनी कशी कोलमडली ते बघायला लागतं.

उचल घेतली आणि फिटलीच नाही

गॅरी गायगॅक्स नावाचा माणूस अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात राहायचा. विमा कंपनीतली नोकरी गेल्यावर तो घरी बूट दुरुस्त करायचा. १९७३ साली त्यानं मित्रासोबत टीएसआर नावाची कंपनी काढली आणि १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पहिल्या हजार प्रती छापल्या. पुढं खेळ जगभर गेला. कंपनी कादंबऱ्या, मासिकं, नवनवे खेळ असं सगळं काढायला लागली.

टीएसआरची पुस्तकं दुकानांपर्यंत पोचवायचं काम रँडम हाऊस ही बडी प्रकाशनसंस्था करायची. त्यांच्यातला व्यवहार असा होता, की टीएसआरनं माल पाठवला की वाचकानं तो विकत घेण्याआधीच ठरावीक रक्कम हातात यायची.

आपल्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला हा प्रकार लगेच कळेल. ही उचल झाली. उचल म्हणजे कमाई नव्हे, ती आधी घेतलेली आणि नंतर फेडायची रक्कम.

पैशाची नड आली की जास्त माल छापून पाठवायचा आणि उचल घ्यायची, असं चालू झालं. पण दुकानात न खपलेला माल परत येतो. १९९६ मध्ये तो ढिगानं परत यायला लागला आणि त्यावर घेतलेले पैसे कर्ज होऊन बसले. छापखान्याचं बिल थकलं, तसं छापखान्यानं नवी पुस्तकं छापायचं थांबवलं. नवी पुस्तकं नाहीत म्हणून विक्री नाही आणि विक्री नाही म्हणून बिल भरायला पैसे नाहीत.

लोक तो खेळ खेळतच होते. नाव मोठं होतं. तरी १९९७ मध्ये टीएसआर विकायची वेळ आली आणि विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनं ती घेतली.

गिऱ्हाईक होतं, नाव होतं, फक्त ज्या दिवशी बिल भरायचं त्या दिवशी खिशात रोकड नव्हती. पैसा येतो कधी आणि जातो कधी, हे गणित चुकलं.

आता हेच गणित ज्यांना रोज सोडवायला लागतं, त्या बायकांकडं येऊया. वर्ष तेच, १९९७. ठिकाण मात्र सातारा जिल्ह्यातलं म्हसवड.

मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो

म्हसवड म्हणजे सिद्धनाथाचं गाव. माण तालुक्यातलं, सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीला लागून. पर्जन्यछायेचा मुलूख असल्यानं इथं दुष्काळ पाहुणा म्हणून येत नाही, तो घरचाच आहे.

मुंबईत अर्थशास्त्र शिकलेल्या आणि जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनातून पुढं आलेल्या चेतना गाला सिन्हा लग्नानंतर इथं राहायला आल्या. त्या एक गोष्ट नेहमी सांगतात. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईंना रोज थोडे थोडे पैसे साठवायचे होते, पावसाळ्याच्या आधी डोक्यावर घालायला प्लॅस्टिकचा कागद घेता यावा म्हणून. पण एवढ्या छोट्या रकमेचं खातं उघडायला बँक तयार नव्हती.

मग आपणच बँक काढू, असं ठरलं. अर्ज रिझर्व्ह बँकेकडं गेला आणि नामंजूर झाला. कारण काय, तर सभासद बायका निरक्षर होत्या, कागदावर अंगठे होते.

बायका रडत बसल्या नाहीत, लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. अधिकाऱ्यांसमोर त्यांचं म्हणणं साधं होतं. तुम्ही मुद्दल सांगा, आम्ही कॅल्क्युलेटरशिवाय व्याज काढून दाखवतो. तुमच्या माणसांनाही काढायला सांगा.

परवाना मिळाला आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

बाजारात बसणाऱ्या बाईचा हिशोब

या बँकेनं काय वेगळं केलं, हे समजायला एक हिशोब मांडू.

समजा, एखादी बाई आठवडी बाजारात भाजी विकते. सकाळी माल उचलायला तिला पैसे लागतात. सावकार तिला नऊशे देतो आणि संध्याकाळी हजार घेतो. शंभर रुपये फार वाटत नाहीत, पण हे व्याज एका दिवसाचं आहे आणि टक्क्यात ते अकराच्या वर जातं. दिवसभर उन्हात बसून तिला दीडशे सुटणार असतील, तर त्यातले शंभर सावकाराचे.

म्हणजे तिचा धंदा तोट्यात नव्हता. सकाळ ते संध्याकाळ एवढ्याच वेळेची रोकड तिच्याकडं नव्हती, आणि त्या वेळेची किंमत ती मोजत होती.

बरं, ती बँकेत जाणार कधी? बँक उघडी असते तेव्हा ती बाजारात असते. बँकेत जायचं तर त्या दिवसाची कमाई बुडते. म्हणून म्हसवडची बँक बाजारात आणि दारात गेली. बचतही रोजची आणि हप्ताही छोटा, म्हणजे तिच्या हातात पैसा ज्या गतीनं येतो त्याच गतीनं.

दुभतं जनावर विकायचं नसतं

मग २०१२-१३ चा दुष्काळ आला. चेतना सिन्हा सांगतात, की एक बाई बँकेत सोनं गहाण ठेवायला आली. कशाला? तर जनावरांच्या चाऱ्यासाठी. पण पैसे दिले तरी चारा-पाणी आणणार कुठून, असा तिचा प्रश्न होता.

दुष्काळात सगळे एकदम जनावरं विकायला काढतात, त्यामुळे भाव पडतो. पुढं पाऊस झाला की सगळे एकदम घ्यायला निघतात आणि भाव चढतो. कवडीमोलानं विकायचं आणि सोन्याच्या भावानं घ्यायचं. एकदा म्हैस गेली की दूध गेलं, आणि दूध गेलं की हप्ता गेला.

म्हणून माणदेशी फाउंडेशननं म्हसवडला चारा छावणी उघडली. हजारो जनावरं तिथं राहिली आणि त्यांच्यासोबत त्यांचे मालकही. वरवर बघितलं तर हे मदतकार्य होतं. हिशोबाच्या नजरेनं बघितलं तर ज्या साधनावर घर चालतं, ते वाईट वर्षात विकायची वेळ येऊ नये म्हणून केलेली सोय होती.

मग आजचे छोटे गेम प्रकाशक काय करतात?

टीएसआरच्या नंतर आलेल्या दोन-चार माणसांच्या प्रकाशनांनी उलटा रस्ता धरला. आधी वाचकाकडून पैसे घ्यायचे आणि मग छापायचं. २००९ मध्ये सुरू झालेल्या किकस्टार्टरवर हेच चालतं. आपल्याला हे नवीन नाही, मराठी प्रकाशकांची प्रकाशनपूर्व सवलत म्हणजे हीच आयडिया. शिवाय आधी पीडीएफ विकायची, ऑर्डर आली की तेवढीच प्रत छापायची, म्हणजे गोदामात ढीग पडत नाही.

पण यातही एक खड्डा आहे. आगाऊ आलेला पैसा हीसुद्धा उचलच आहे. पुस्तक वाचकाच्या घरी पोचेपर्यंत तो आपला नसतो.

२०२१ मध्ये जहाजानं माल आणायचं भाडं कित्येक पटींनी वाढलं. ज्यांनी वर्षभर आधीच्या भाड्यानं हिशोब करून पैसे घेतले होते, त्यांना फरक खिशातून भरायला लागला. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेनं चिनी मालावरचं आयातशुल्क १४५ टक्क्यांपर्यंत नेलं. अनेक प्रकाशक आपले खेळ चीनमध्येच बनवून घेतात. काहींचा माल तयार होता, पण सोडवून आणणं परवडेना.

त्याच वर्षी जानेवारीत डायमंड या मोठ्या अमेरिकी वितरकानं दिवाळखोरी जाहीर केली. विकला गेल्यावर पैसे द्या, या बोलीवर प्रकाशकांनी त्याच्याकडं माल ठेवला होता. तोच माल विकून बँकांचं देणं भागवायची परवानगी डायमंडनं कोर्टाकडं मागितली आणि छोटे प्रकाशक हवालदिल झाले. माल आपला, पण गोदाम दुसऱ्याचं.

छोट्या धंद्यानं यातून काय घ्यायचं?

खेळाची पुस्तकं असोत, घरगुती मसाले असोत की इन्स्टावरचं साड्यांचं पेज, गोष्टी त्याच आहेत.

आलेली उचल आणि झालेली कमाई वेगळ्या वहीत लिहा. आगाऊ पैसे आले म्हणून घरखर्च वाढवू नका.

मालाचा ढीग म्हणजे श्रीमंती नाही. खपेल तेवढंच छापा, शिवा, कांडा.

सगळा माल एकाच व्यापाऱ्याच्या गोदामात ठेवू नका. तो बुडाला की तुम्हीही बुडता.

हप्ता असा घ्या, जो तुमच्याकडं पैसा येतो त्या दिवशीच जाईल. रोज विकणाऱ्याला रोजचा, सुगीवर विकणाऱ्याला सुगीचा.

आणि वाईट वर्षात सगळं विकायला काढलं तरी ज्यावर धंदा उभा आहे ते शेवटपर्यंत विकू नका. गेम प्रकाशकासाठी ते त्याच्या खेळाचे हक्क असतात, शिंप्यासाठी मशीन आणि माणदेशातल्या बाईसाठी दावणीची म्हैस.

टीएसआरकडं जगातला सगळ्यात प्रसिद्ध खेळ होता आणि शेवटी तोही कंपनीसोबत विकायला लागला. म्हसवडच्या बायकांकडं सुरुवातीला बँकेचा परवानासुद्धा नव्हता. पण पैसा येतो कधी आणि जातो कधी, हे त्यांना तोंडपाठ होतं.