एसयूव्हीसाठी टायरचा दुसरा संच : दणकट नक्षीपेक्षा टायरवरील आकडे महत्त्वाचे

नवी दिल्ली : नव्या एसयूव्हीसोबत आलेले टायर सर्वसाधारणपणे ४० ते ५० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतात. पहिल्या संचाची निवड वाहन उत्पादक करतो, तर दुसऱ्या संचाची जबाबदारी मालकावर येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाल्याने हा खर्च काहीसा हलका झाला आहे. मात्र निवड चुकली, तर पावसाळी रस्त्यावर वाहन थांबवण्याची क्षमताच कमी होते.

बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी विद्यालयामुळे मराठी माणसाला परिचित असलेल्या दिल्लीतील पहाडगंजचे उदाहरण घेता येईल. येथील वाहनाचा रोजचा प्रवास देशबंधू गुप्ता मार्गावरील कोंडी, नवी दिल्ली रेल्वे स्थानकाचा परिसर आणि मेन बाजारलगतच्या अरुंद गल्ल्या असा असतो. वर्षातून एक-दोनदा हिमाचलची सहल किंवा यमुना द्रुतगती मार्गावरील प्रवास घडतो. त्या एका सहलीचा विचार करून अनेकजण खोल, जाड नक्षीचे ‘ऑल टेरेन’ टायर घेतात. चिखल आणि खडकाळ वाटेवर ते उपयुक्त असले, तरी डांबरी रस्त्यावर आवाज वाढतो, वजन व इंधनखर्च वाढतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर वाहन थांबण्यास अनेकदा जास्त अंतर लागते. रोजच्या वापरासाठी ‘हायवे टेरेन’ प्रकार अधिक योग्य ठरतो. बर्फासाठीचे विशेष टायर ७ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमान गृहीत धरून बनवलेले असतात. दिल्लीच्या उन्हाळ्यात त्यांचे मऊ रबर झपाट्याने झिजते.

टायरचा आकार चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा वाहनासोबतच्या पुस्तिकेत दिलेला असतो. ‘२३५/६५ आर १७’ याचा अर्थ रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिमचा व्यास १७ इंच. या टायरचा एकूण व्यास सुमारे ७३७ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी ‘२४५/७० आर १७’ बसवल्यास व्यास सुमारे ७७५ मिलिमीटर, म्हणजे पाच टक्क्यांनी अधिक होतो. मग वेगमापक १०० दाखवत असताना प्रत्यक्ष वेग सुमारे १०५ किलोमीटर असू शकतो. आकारापुढील ‘१०४ एच’सारखी खूणही तितकीच महत्त्वाची आहे. १०४ म्हणजे एका टायरची भारक्षमता ९०० किलो, तर ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा. उत्पादकाने सांगितल्यापेक्षा कमी भारक्षमतेचा टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

यानंतर टायरचे वय तपासावे. बाजूच्या भिंतीवरील ‘डीओटी’ सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा व वर्ष सांगतात. ‘२३२५’ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला टायर दिसायला कोरा असला, तरी रबराचे वय वाढतच असते. टायरवर आयएसआय चिन्हही असावे. केंद्र सरकारने २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने भारतीय मानकांचे पालन बंधनकारक केले. ओल्या रस्त्यावरील पकड, घर्षणरोध आणि आवाज यांचे निकष २०२२ मध्ये अधिसूचित झाले. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या तारांकनावरून इंधनबचतीची तुलना करता येते.

कायद्यानुसार मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे. पण खोली ३ मिलिमीटरच्या खाली गेली, की पाणी बाहेर फेकण्याची क्षमता वेगाने घटते. म्हणून पावसाळ्यापूर्वीच बदल करणे श्रेयस्कर. केवळ दोनच टायर घ्यायचे असतील, तर नवे टायर मागील चाकांना बसवावेत, कारण ओल्या वळणावर मागील बाजू घसरली की वाहन सावरणे कठीण होते. चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या वाहनात मात्र चारही टायर एकसारखे आणि एकाच वेळी बदलणे इष्ट.

दिल्लीकरांना आणखी एक हिशेब करावा लागतो. १० वर्षांहून जुन्या डिझेल आणि १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवरील निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवले होते आणि त्यानंतरही याविषयीचे आदेश बदलत आले आहेत. त्यामुळे आठ-नऊ वर्षांच्या डिझेल एसयूव्हीसाठी दीर्घायुषी, महागडा संच घेण्यापेक्षा योग्य आकाराचा, प्रमाणित आणि ताज्या उत्पादनाचा मध्यम किमतीचा संच व्यवहार्य ठरतो.

टायर बसवल्यावर चाकांचे संतुलन व अलाइनमेंट करून घ्यावे आणि महिन्यातून एकदा, टायर थंड असताना, सुट्या चाकासह हवा तपासावी. कमी हवेचा टायर वेगात आणि उन्हात तापून फुटण्याचा धोका असतो. समृद्धी महामार्गावर २०२३ मध्ये झिजलेल्या टायरच्या वाहनांवर परिवहन विभागाने मोहीम राबवली, त्यामागेही हीच चिंता होती.